मेलचा नाका आणि टेबलावरचा पहारा

गोंडपिपरीच्या तहसील कार्यालयात, पंचायत समितीत, नगर पंचायतीत आणि गावातल्या ऑनलाइन सेंटरांत रोज मेल उघडले जातात. पण ज्या सर्व्हरवरून ते मेल येतात, तो गोंडपिपरीत नसतो. सरकारी पत्त्यावरचा मेल केंद्र सरकारच्या ‘एनआयसी’च्या यंत्रणेतून येतो आणि जीमेलचा मेल गूगलच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमधून. त्यामुळे व्हायरसची तपासणी मेल सर्व्हरवर करावी की प्रत्येक संगणकावर, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या कंपनीत खर्चाचा आणि सोयीचा असला, तरी इथं त्याचं अर्धं उत्तर दुसऱ्याच कुणीतरी देऊन ठेवलेलं आहे. सर्व्हरवर काय तपासायचं, किती कडक तपासायचं, हे गोंडपिपरीतला कुणीही ठरवू शकत नाही. त्याच्या हातात उरतं ते टेबलावरचं यंत्र. या प्रकरणात दोन्ही बाजू सांगायच्या आहेत. पण माझं मत आधीच मांडतो. तालुक्याच्या गावानं पैसा, वेळ आणि लक्ष घालायची जागा टेबलावरचं यंत्र हीच आहे, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष तिथंच होतं.

दोन तपासण्यांमधला फरक समजायला या भागातल्या वाचकाला लांब जायला नको. आलापल्लीकडून आष्टी, गोंडपिपरी, कोठारी करत बल्लारपूरकडे लाकडाचा ट्रक निघाला, की वनखात्याच्या नाक्यावर तो थांबतो. टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, बघतात, लाकडावरचा हातोड्याचा शिक्का बघतात, मोजणी जुळली की ट्रक सुटतो. नाक्यावर माणसं थोडी लागतात आणि ट्रक पुष्कळ तपासून होतात. पण जे रस्त्यानं आलं तेवढंच नाक्याला दिसतं. जंगलाच्या आत पायवाटेनं काय चाललंय, हे बीटवर फिरणाऱ्या वनरक्षकालाच कळतं. मेल सर्व्हरवरची तपासणी हा नाका आणि संगणकावरचा अँटिव्हायरस हा बीटवरचा वनरक्षक.

इतिहासात वनरक्षक आधी आला, नाका नंतर. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये बसायचा. तेव्हा व्हायरसला प्रवास करायचा तर फ्लॉपी एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालणारा माणूस लागायचा, त्यामुळे संरक्षणही यंत्रावरच असायचं. महाराष्ट्रातली गोष्टही इथूनच सुरू होते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावानं, संजय काटकर यांनी, ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. १९९०च्या दशकाच्या मध्याला त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं आणि २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेल्या या सॉफ्टवेअरची डबी विदर्भातल्या तालुक्यांपर्यंत पोचली ती दुरुस्तीवाल्यांच्याच हातून. संगणक बसवून देणारा पोरगाच अँटिव्हायरस टाकून द्यायचा आणि वर्षभरानं लायसन्स वाढवायलाही तोच यायचा. आजही पुष्कळ ठिकाणी असंच चालतं.

नाक्याची गरज दोन घटनांनी पटवून दिली. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ आला. वर्डच्या फाइलमधला हा मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्रॅम, आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःलाच पाठवायचा. पुढच्या वर्षी, ४ मे २००० रोजी, मनिलामधून ‘आय लव्ह यू’ सुटला. त्याच्या फाइलच्या नावात शेवटी ‘टीएक्सटी’ आणि त्याही पुढे ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटं होती. विंडोज दुसरं शेपूट लपवायचं, त्यामुळे माणसाला ते साधं प्रेमपत्र वाटायचं आणि क्लिक केलं की प्रोग्रॅम चालू व्हायचा. काही तासांत जगभरच्या कंपन्यांनी आपले मेल सर्व्हरच बंद करून ठेवले. एकेका यंत्रापाशी जाऊन सफाई करायला तेव्हा वेळच नव्हता. मेल जिथून जातो त्या एका जागी अडवला तर हजार यंत्रं वाचतात, हे त्या दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं.

सर्व्हरवर ही अडवणूक कशी होते, हे थोडं खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. मेल मुळात साधा मजकूर वाहून नेण्यासाठी घडवलेला. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या नियमांत फोटो किंवा वर्डची फाइल पाठवायची सोयच नव्हती. १९९२ साली ‘माइम’ नावाची पद्धत आली आणि कुठलीही फाइल साध्या अक्षरांत बदलून मजकुरासोबत जाऊ लागली. त्यासाठी वापरतात त्या ‘बेस ६४’ या रीतीत तीन बाइटची चार अक्षरं होतात. म्हणून ३ एमबीचा फोटो मेलमध्ये ४ एमबीची जागा खातो. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला ही सगळी बांधाबांध उलटी सोडवावी लागते. आधी मेलचे भाग वेगळे करायचे, मग अक्षरांतून मूळ फाइल घडवायची, ती झिप असेल तर सोडायची, त्या झिपमध्ये आणखी झिप असेल तर तीही सोडायची, आणि मग हाती आलेल्या प्रत्येक फाइलचा ठसा ओळखीच्या व्हायरसांच्या यादीशी ताडून बघायचा. ‘क्लॅम एव्ही’ हा २००२ पासूनचा मोफत प्रोग्रॅम आजही असंख्य सर्व्हरांवर हेच काम करतो. मोठ्या कंपन्या याच्या पुढे जातात. संशयास्पद फाइल त्या एका बंदिस्त आभासी संगणकात चालवून बघतात आणि ती काय करू पाहते ते पाहून मगच निकाल देतात.

या तपासणीची ताकद तिच्या जागेत आहे. व्हायरसांची यादी एका ठिकाणी ताजी केली की सगळ्यांना लागू होते, आणि कुणा कारकुनानं यंत्र जड चालतं म्हणून तपासणी बंद करावी, असं होऊ शकत नाही. एखाद्या जातीच्या फाइलवर सरसकट बंदीही घालता येते. जीमेलनं १३ फेब्रुवारी २०१७ पासून जावास्क्रिप्टच्या फाइली जोडायलाच मनाई केली. त्या दिवशी गोंडपिपरीतल्या प्रत्येक जीमेल खात्याचं संरक्षण इथल्या कुणीही काही न करता वाढलं. ज्या गावात संगणकतज्ज्ञ मुक्कामाला नसतो, तिथं याचं मोल फार आहे.

मर्यादाही त्याच जागेतून येतात. ‘४२ डॉट झिप’ नावाची एक प्रसिद्ध फाइल आहे. आकारानं अवघी ४२ केबी, पण थरामागून थर सोडत गेलं तर साडेचार पेटाबाइट होते, म्हणजे ४५ लाख जीबी. असल्या सापळ्यात सर्व्हर गुदमरू नये म्हणून किती थर उघडायचे याला हद्द घालावी लागते, आणि हद्द घातली की तिच्यापलीकडचं न पाहिलेलं राहतं. २००४ साली ‘बेगल’ व्हायरसानं याहून सोपी वाट काढली. झिपला पासवर्ड घालायचा आणि तो पासवर्ड मेलच्याच मजकुरात लिहायचा. माणूस वाचून टाइप करू शकतो, सर्व्हरला झिप उघडता येत नाही. तपासणी करणाऱ्यांनी मजकुरातून पासवर्ड शोधायला सुरुवात केली, तर बेगलनं तो चित्रात लिहून पाठवला. आजच्या फसव्या मेलमध्ये तर अनेकदा फाइलच नसते. एक लिंक असते, आणि फाइल पलीकडे, ब्राउझरमधून उतरते. मेल तपासणाऱ्याला आक्षेपार्ह असं काही सापडतच नाही.

त्याच काळात सर्व्हरांनी एक वेगळाच उपद्रव केला. त्यांना मेलमध्ये व्हायरस सापडला की ते ‘तुम्ही व्हायरस पाठवला आहे’ असं पत्र पाठवणाऱ्याला धाडायचे. पण ‘क्लेझ’, ‘सोबिग’, ‘मायडूम’ हे व्हायरस पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाच घालायचे, त्यामुळे ज्यांचा काही संबंध नाही अशांच्या टपालपेटीत या ताकिदींचा ढीग पडायचा. नीट मांडलेला सर्व्हर आता मेल स्वीकारण्याआधीच, समोरच्या सर्व्हरशी बोलणं चालू असतानाच, नकार देऊन मोकळा होतो.

मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातल्या संगणकांवर ‘लॉकी’ या खंडणीखोर व्हायरसाचा हल्ला झाला. महसूल आणि सार्वजनिक बांधकाम या विभागांतले सुमारे १५० संगणक त्यात सापडल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांनी दिल्या होत्या. महसूल म्हणजे ज्या खात्याचं शेवटचं टोक गोंडपिपरीच्या तलाठी सज्जापर्यंत पोचतं, ते खातं. म्हणून या व्हायरसाची चाल या भागातल्या वाचकानं समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

लॉकी पहिल्यांदा दिसला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये. त्याची नेहमीची वाट मेलची होती. एखादं बिल किंवा पावती वाटावी अशी वर्डची फाइल यायची. उघडली तर आत अगम्य अक्षरं, आणि वर सूचना, की मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो सुरू करा. खरा व्हायरस त्या फाइलमध्ये नसायचाच. मॅक्रो सुरू केला की तो इंटरनेटवरून व्हायरस उतरवून घ्यायचा, चालवायचा, आणि मग डिस्कवरच्या आणि नेटवर्कवर जोडलेल्या दुसऱ्या संगणकांच्या सामायिक फोल्डरमधल्या फाइली एकामागून एक कुलूपबंद होत जायच्या. किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली जायची. पैसे न देता कुलूप उघडण्याचा उपाय जवळजवळ कुणापाशी नव्हता.

आता ही वाट पायरीपायरीनं बघा. मेल सर्व्हरवर पोचतो, तेव्हा त्यात फक्त एक मॅक्रो असलेली वर्डची फाइल असते. मॅक्रो रोज थोडा बदलून लिहिलेला. सकाळी दहाला निघालेल्या मेलचा ठसा अँटिव्हायरस कंपनीच्या यादीत दुपारी दोनला आला, तर मधल्या चार तासांत सर्व्हरनं तो मेल स्वच्छ म्हणून पुढे पाठवलेला असतो. एकदा टपालपेटीत पडलेला मेल बरेच सर्व्हर पुन्हा तपासत नाहीत. पण टेबलावरच्या यंत्राला आणखी तीन संधी मिळतात. बाबूंनी जेवणानंतर तीनला मेल उघडला, तर तोवर यंत्रावर ताजी यादी आलेली असू शकते, ही पहिली. दुसरी म्हणजे वर्डसारखा प्रोग्रॅम इंटरनेटवरून काही उतरवून चालवू लागला, हेच मुळात संशयाचं. चांगला अँटिव्हायरस इथंच हात धरतो. तिसरी म्हणजे एखादा प्रोग्रॅम मिनिटाभरात शेकडो फाइली उघडून बदलू लागला तर त्याचा ठसा ओळखीचा नसला तरी त्याची वागणूक ओळखू येते. आभासी संगणकात फाइल चालवून बघणारे सर्व्हर सोडले, तर या तिन्हींपैकी शेवटच्या दोन गोष्टी सर्व्हरला दिसूच शकत नाहीत, कारण त्या सर्व्हरवर घडतच नाहीत.

२०२२ साली मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. ही सुधारणाही टेबलावरच्या यंत्रातच झाली, आणि ऑफिसच्या ज्या जुन्या किंवा चोरीच्या प्रती अपडेट होत नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाही.

मेल हा व्हायरसाचा एकमेव रस्ता नाही, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ पसरला. तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये यंत्रातून यंत्रात धावत गेला, आणि उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या कंटेनर टर्मिनलचं काम थांबलं. त्याच्या दीड महिना आधीचा ‘वॉनाक्राय’ही मेलच्या भरवशावर नव्हता, विंडोजच्या फाइल वाटपातल्या एका भोकातून तो शिरायचा. ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, १४ मार्च २०१७ रोजी, आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्याकडे त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही.

टेबलावरच्या अँटिव्हायरसालाही खोडी आहेत, आणि त्या लपवून उपयोग नाही. मेल यंत्रावर उतरवून ठेवणारे थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम कित्येकदा आख्खी टपालपेटी एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतात. त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला, तर अडाणी अँटिव्हायरस आख्खी फाइलच उचलून बंदिवासात टाकतो आणि पाच वर्षांचा पत्रव्यवहार दिसेनासा होतो. दुसरी खोड अशी, की यंत्र खोलवर पाहता यावं म्हणून या प्रोग्रॅमांना विंडोजच्या गाभ्यात बसवलेलं असतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत बसली. ही जोखीम खरी आहे. तरी पहारा काढून टाकावा इतकी ती मोठी आहे, असं मला वाटत नाही.

गोंडपिपरीसारख्या गावातली मोठी अडचण यापेक्षा साधी असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, सातबारा, अशा कामांसाठी माणसं सेंटरमध्ये येतात आणि कागद आणतात ते पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलमध्ये. एकच पेन ड्राइव्ह शाळेतून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून सेंटरमध्ये, तिथून कार्यालयात फिरतो. फोल्डर दिसेनासे होऊन त्यांच्या जागी बाण असलेली चिन्हं आली, की सगळे म्हणतात ‘शॉर्टकट व्हायरस लागला’. या वाटेवर जगातला कुठलाही मेल सर्व्हर नाही. दुसरी वाट व्हॉट्सअॅपची. एप्रिल २०१६ पासून त्यातले संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद जातात आणि मधल्या सर्व्हरला ते वाचता येत नाहीत. आपल्या खासगीपणासाठी हे उत्तमच झालं. पण मधे कुणाला वाचता येत नाही, म्हणजे मधे कुणाला तपासताही येत नाही. लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिकचं चलान म्हणून आलेली ‘एपीके’, म्हणजे अँड्रॉइड अॅपची, फाइल थेट हातातल्या फोनवर येते आणि तिला अडवायचं तर तिथंच अडवावं लागतं. दळणवळण जसजसं कुलूपबंद होत जातंय, तसतसा नाक्याचा आवाका कमी होतोय. टेबलावरच्या पहाऱ्याला मी जास्त वजन देतो त्याचं मोठं कारण हे आहे.

आणि तो पहारा कुठल्या अवस्थेत असतो? लायसन्स संपलेलं असतं आणि कोपऱ्यात लाल खूण महिनोन् महिने तशीच असते. विंडोज ७ला सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० रोजी थांबलं, विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरी दोन्ही चालू यंत्रांवर सापडतात. विंडोजची चोरीची प्रत चालू करणारा ‘क्रॅक’ टाकताना पहिली सूचनाच अँटिव्हायरस बंद करण्याची असते, आणि नंतर तो सुरू करायचं राहून जातं. रोजचं काम प्रशासकाच्या खात्यातून चालतं, म्हणजे व्हायरस आला तर त्यालाही प्रशासकाचे सगळे अधिकार मिळतात. त्याच यंत्राला तलाठ्यांच्या डिजिटल सहीचं टोकन लावलेलं असेल तर त्या यंत्राची स्वच्छता हा एकट्या त्या कार्यालयाचा प्रश्न राहत नाही. त्या सहीनं निघालेल्या प्रत्येक सातबाऱ्याच्या विश्वासाचा तो प्रश्न होतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. विंडोज ८पासून ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस विंडोजच्या सोबतच येतो. लायसन्स संपलेला दुसरा प्रोग्रॅम काढून टाकला तर तो आपोआप जागा होतो; संपलेलं लायसन्स तसंच ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेनं सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं मोफत मिळतात. रोजच्या कामासाठी साधं खातं वेगळं काढणं अर्ध्या तासाचं काम आहे. फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी. लॉकीसारखा व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो, कपाटातली नाही.

ज्या संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, एखादं महाविद्यालय किंवा जिल्हा बँक, तिनं दोन्हीकडे तपासणी ठेवावी आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम ठेवावेत. एकाच कंपनीची यादी दोन ठिकाणी लावली, तर जे पहिल्या ठिकाणी सुटलं ते दुसऱ्याही ठिकाणी सुटेल. गोंडपिपरीत हे अनायासे घडतं: मेल गूगलची किंवा एनआयसीची यंत्रणा तपासते आणि यंत्रावर वेगळ्याच कंपनीचा प्रोग्रॅम असतो. अट एवढीच, की तो जिवंत असावा.

तो जिवंत आहे का, हे बघायला खरा व्हायरस लागत नाही. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेनं ठरवलेली ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. सगळ्या नावाजलेल्या अँटिव्हायरसांनी ती व्हायरस समजून पकडायची, असा या धंद्यातला करार आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती घ्यावी आणि जीमेलमधून स्वतःलाच जोडून पाठवू पाहावी. जीमेलनं अडवली तर सर्व्हरची तपासणी आपल्या डोळ्यांदेखत झाली. मग तीच ओळ पासवर्डच्या झिपमध्ये घालून पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि सेंटरमधल्या प्रत्येक यंत्रावर उघडून बघावी. झिप सुटताक्षणी इशारा आला, तर त्या यंत्राचा पहारा जागा आहे. काहीच न होता ती ओळ नोटपॅडमध्ये उघडली, तर कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून लायसन्सची तारीख बघावी. पेन ड्राइव्हवर मूळ झिपची एक जादा प्रत असू द्यावी, कारण एखादं सावध यंत्र इशाऱ्यासोबत झिपही काढून टाकतं आणि पुढच्या यंत्रासाठी ती लागतेच.